खोलीआधी किनारा बघा: कॅरिबियनमधल्या छोट्या रिसॉर्टबद्दल तुमचे प्रश्न

लोकांच्या सहली आखून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. कॅरिबियनबद्दलचे प्रश्न पूर्वी वर्षाकाठी दोन-चार यायचे, आता आठवड्याला येतात. त्यातले सहा या वेळी घेतले आहेत. नावं गाळली आहेत, प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून मार्चमध्ये आठवडाभर बार्बाडोसला जायचं ठरवतोय. मोठं हॉटेल नको; वीस-पंचवीस खोल्यांचं, थेट वाळूवरचं हवंय. तीन ठिकाणं निवडली आहेत आणि तिन्हींचे फोटो सुंदर आहेत. सगळ्यात स्वस्त आहे ते पूर्व किनाऱ्यावर. यात काही मेख आहे का?

मेख आहे, आणि ती ‘पूर्व’ या शब्दातच आहे. त्या भागात वर्षातला बहुतेक काळ वारा पूर्वेकडून वाहतो. बार्बाडोसचा पूर्व किनारा अटलांटिकच्या समोर उघडा पडलेला आहे. तिथलं बाथशेबा गाव बघायला देखणं, पण पाण्यात उतरायला धोक्याचं. ‘सूप बोल’ नावाच्या तिथल्या लाटेवर जगभरचे सर्फिंगवाले येतात. आपल्यासारख्यांनी खडकांमधल्या डबक्यात बसून पाय भिजवायचे, एवढंच. पश्चिमेला, होलटाउनपासून स्पाइट्सटाउनपर्यंत, बेट स्वतःच वारा अडवतं, त्यामुळे समुद्र तळ्यासारखा निवांत असतो. भावही तसेच चढे. दक्षिण किनारा मधला: थोड्या लाटा, बस हाताशी, खाण्याची चंगळ, आणि शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला मासळीची जत्रा.

आता दुसरी गोष्ट, जी कुठल्याच फोटोत दिसत नाही: सरगॅसम. हे तरंगतं तपकिरी शेवाळ. 2011 पासून अटलांटिकमधून त्याचे लोंढेच्या लोंढे येऊ लागले. साधारण मार्चपासून ऑगस्टपर्यंत त्याचा जोर असतो आणि वाऱ्यासमोरच्या पूर्व किनाऱ्यांवर ते सगळ्यात जास्त साठतं. मी एकदा अशाच एका स्वस्त, गोड दिसणाऱ्या ठिकाणी चार रात्री काढल्या आहेत. गुडघाभर ढीग साचून कुजत होता आणि नासक्या अंड्याचा वास थेट खोलीत येत होता. तिसऱ्या दिवशी पायाकडे लक्ष गेलं, तर चांदीची जोडवी काळीठिक्कर! कुजणाऱ्या शेवाळातून गंधकाचा वायू निघतो, त्यानं चांदी काळवंडते. मालकानं हात वर केले. त्याचंही बरोबरच होतं म्हणा, समुद्राला तो काय करणार? पण वेबसाइटवरचे फोटो जानेवारीतले होते, हे त्यानं सांगायला हरकत नव्हती.

म्हणून फोटोंआधी नकाशा उघडा, उपग्रहाचं चित्र लावा आणि तीन गोष्टी बघा. किनारा कुठल्या दिशेला आहे? पाण्यात पांढऱ्या फेसाच्या रेघा दिसतात का? आणि हॉटेल व वाळू यांच्या मधून रस्ता जातो का? पश्चिम किनाऱ्याला मुख्य रस्ता समुद्राला इतका चिकटून आहे की, ‘बीचवर’ म्हणवणारी काही हॉटेलं रस्त्याच्या पलीकडे असतात. शब्दांचाही खेळ असतो. ‘बीचफ्रंट’ म्हणजे दारातून वाळूवर पाय. ‘ओशनफ्रंट’ म्हणजे समोर समुद्र खरा, पण मध्ये खडक किंवा बांधलेली भिंत असू शकते. ‘ओशन व्ह्यू’ म्हणजे बाल्कनीत मान वाकडी केल्यावर दिसणारा निळा तुकडा.

कोकणच्या सवयीनं एक गल्लत होते, तीही सांगते. आपल्याकडे मोठ्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत पंधरा फुटांपर्यंत फरक पडतो. मुरुडला किंवा गुहागरला ओहोटीत वाळूचं मैदान उघडं पडतं. बार्बाडोसला हा फरक जेमतेम दोन-तीन फुटांचा. पाणी दिवसभर जवळच असतं, ही मजा. पण पुळणही अरुंदच राहते, आणि उसळी आली की काही ठिकाणी पायरीपर्यंत पाणी. लांब फेरफटका मारायची हौस असेल, तर पाहुण्यांनी गेल्या दोन-तीन महिन्यांत काढलेले फोटो शोधून वाळू किती उरली आहे ते बघा.

तुमच्या जागी मी असते, तर पश्चिमेला एक गल्ली मागे असलेली साधी खोली घेतली असती. बार्बाडोसचे सगळे किनारे कायद्यानं सार्वजनिक आहेत. महागड्या हॉटेलसमोरच्या वाळूवर टॉवेल अंथरायला कुणाची परवानगी लागत नाही. खुर्ची मात्र त्यांची.

प्रश्न : आम्ही पुण्याचे, दोघं आणि दोन मुलं. मुलांना सुट्टी दिवाळीतच. पण तेव्हा तिकडे चक्रीवादळं असतात म्हणे. बेत सोडून द्यावा का?

वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर आणि सगळ्यात जोर सप्टेंबरात. दिवाळीपर्यंत तो उतरणीला लागतो, पण संपत नाही. हंगाम म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. 29 जून 2024 ला ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर रोहितच्या संघानं विश्वचषक जिंकला आणि लगेच बेरिल वादळानं विमानतळ बंद पाडला. जगज्जेते कप घेऊन हॉटेलात अडकून बसले. बार्बाडोस थोडक्यात वाचलं, पण ग्रेनाडाचं छोटं बेट कॅरियाकू 1 जुलैला अक्षरशः उद्ध्वस्त झालं.

वादळांची वाट सहसा उत्तरेकडे वळते, म्हणून अगदी दक्षिणेकडची बेटं बरीचशी सुटतात: अरुबा, बोनेअर, कुरासाओ आणि त्रिनिदाद-टोबॅगो. ‘बरीचशी’ हा शब्द मुद्दाम वापरला. 1963 मध्ये फ्लोरा वादळानं टोबॅगोला झोडपलं होतं.

तुम्हाला मी त्रिनिदाद-टोबॅगोच सुचवीन, आणि तेही दिवाळी आहे म्हणूनच. तिथे दिवाळीला सरकारी सुट्टी असते. 1845 मध्ये ‘फातेल रझाक’ जहाजातून पहिले भारतीय मजूर तिथे उतरले. त्यांची पतवंडं आज चागुआनासच्या आसपास बांबू वाकवून कमानी करतात आणि त्यावर ओळीनं पणत्या लावतात. दोन रात्री तिथे काढा, मग टोबॅगोला उडा. विमानाला अर्धा तासही लागत नाही. हे दिवस तिथे पावसाचे. सर येते, जाते, ऊन पडतं. रोज सकाळी कोरडं निळं आकाश पाहिजे असेल, तर मात्र जानेवारी ते एप्रिल गाठावा लागेल.

दोन कामं आत्ताच करा. त्रिनिदादहून परतताना भारतात पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागतात आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनी तो लागू होतो. निघायच्या आदल्या आठवड्यात जागे झालात, तर उपयोग नाही. दुसरं, वाटेतला व्हिसा. बार्बाडोस, जमैका, ग्रेनाडा, त्रिनिदाद अशा बऱ्याच ठिकाणी भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा लागत नाही, यावर लोक खूश होतात. पण अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि लंडनमार्गे जायचं तरी ट्रान्झिटचे नियम तपासावे लागतात. तिकीट काढायच्या आधी. नंतर नव्हे.

प्रश्न : सासू-सासरे कोल्हापूरहून ह्यूस्टनला आलेत. त्यांना घेऊन ग्रेनाडाला जायचंय. दोघं पक्के शाकाहारी. छोट्या रिसॉर्टमध्ये त्यांचे हाल होतील का? (कोल्हापूरचे आणि शाकाहारी, हो, आम्हालाही सगळे हेच विचारतात.)

उलट छोट्या ठिकाणीच जमतं. तिथे स्वयंपाकीण समोर उभी असते, तिच्याशी बोलता येतं. फक्त ‘व्हेजिटेरियन’ एवढ्यावर थांबू नका. मासे चालतील, असं पुष्कळ जण धरून चालतात आणि मटणाचा रस्सा तर त्यांच्या लेखी मटणच नसतो. मांस नको, मासे नकोत, त्यांचं पाणीही नको, असं फोड करून सांगा. ‘इटल’ हा शब्द लक्षात ठेवा. रास्ताफारी पंथाच्या लोकांचं हे बिनमांसाचं जेवण. मीठही पुष्कळदा नसतं, तेव्हा सासूबाईंनी लोणचं जवळ ठेवावं.

सासूबाईंना तिथला बाजार मात्र फार आवडेल. ‘दशीन’ म्हणजे आपला अळू. त्याची पानं नारळाच्या दुधात शिजवून ‘कॅलालू’ करतात. दिसायला थेट अळूचं फदफदं, फक्त त्यात कधी खेकडा, कधी खारवलेलं मांस निघतं, म्हणून आधी विचारायचं. ‘ब्रेडफ्रूट’ म्हणजे नीरफणस. कापं करून तव्यावर परतलीत, तर सासरे कोकणात पोचल्यासारखे खूश होतील. आणि जायफळ! ग्रेनाडाच्या झेंड्यावरच जायफळ आहे. तिथे फळाच्या सालीचाही जॅम करतात.

म्हणून स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. निदान दोन शेगड्या, फ्रिज आणि एक बऱ्यापैकी पातेलं आहे का, ते ईमेलनं विचारा. ‘किचनेट’ या नावाखाली मी नुसती चहाची किटलीही पाहिली आहे. ह्यूस्टनचा इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) नेऊ नका. ग्रेनाडात वीज 230 व्होल्टची आणि प्लग ब्रिटिश पद्धतीचे; तो पहिल्याच खिचडीला धूर सोडेल. सासूबाईंचा कोल्हापूरहून आणलेला छोटा मिक्सर मात्र साध्या अडॅप्टरवर चालेल. (बार्बाडोसला हे सगळं उलटं होतं, तिथे 115 व्होल्ट.)

किनारा म्हणाल तर ग्राँ आन्स. तीनेक किलोमीटरची पांढरी पुळण, पश्चिमेकडे तोंड, विमानतळापासून पंधरा मिनिटांच्या आत. सासूबाई पाण्यात बिचकत असतील, तर शेजारचं मॉर्न रूज त्याहून उथळ आणि शांत आहे.

प्रश्न : माझा एच-वन-बी (अमेरिकेत नोकरीसाठी राहण्याची परवानगी) मंजूर आहे, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय. चार दिवस जमैकाला जाऊन येता येईल का?

जाता येईल, परत येता येणार नाही. संपलेल्या शिक्क्यावर तीस दिवसांच्या आत परतण्याची सवलत एच-वनवाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या सहलींपुरती आहे. कॅरिबियन बेटांसाठी ती सवलत एफ (विद्यार्थी) आणि जे (देवाणघेवाण कार्यक्रम) व्हिसावाल्यांना, आणि त्यालाही अटी आहेत. अर्ध्या माहितीवर कुणी मित्र ‘काही होत नाही रे’ म्हणाला, तर त्याचं ऐकू नका, वकिलाला विचारा.

तुम्ही पोर्टो रिकोला जा. तो अमेरिकेचाच भाग, मुख्य भूमीवरून गेलात तर देशाबाहेर पडल्यासारखं होत नाही. कुलेब्रा बेटावरचा फ्लॅमेन्को किनारा पाहिलात, तर जमैका आठवणारही नाही. यूएस व्हर्जिन आयलंड्समधलं सेंट जॉनही सुंदर. बेटाचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यान आहे आणि विमानतळ नाही, सेंट थॉमसहून फेरीनं जायचं. मात्र तिथून परतताना कस्टम्सवाले कागद बघतात, म्हणून पासपोर्ट आणि मंजुरीचं पत्र बरोबर हवंच. विमानाची वाट चुकूनही दुसऱ्या देशातून नको.

प्रश्न : सगळं जेवणखाण धरून एकरकमी भाव बरा, की नुसती खोली?

बेटावर एकच हॉटेल आणि आजूबाजूला झाडी असेल, तर एकरकमी. शेजारी गाव असेल, तर नुसती खोली आणि नाश्ता. तुलना करताना कर आणि सेवाशुल्क धरलंय का ते बघा, दोन्ही मिळून कित्येकदा वीस टक्क्यांच्या घरात जातात. आणि भाव कुठल्या डॉलरमध्ये आहे, तेही. ग्रेनाडा, सेंट लुशिया वगैरे ठिकाणी पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो. एका अमेरिकी डॉलरला त्याचे 2.70. टॅक्सीवाला ‘चाळीस’ म्हणाला की ‘कुठले?’ हे गाडीत बसायच्या आधी विचारायचं.

प्रश्न : आम्हाला रिसॉर्टपेक्षा कोळीवाड्यासारखं जिवंत गाव हवंय. बरोबर आई आहे, वय 71, गुडघे दुखतात. टोबॅगोचं कास्तारा कसं?

जागा तुम्ही बरोबर हेरलीत. अडचण गुडघ्यांची आहे. कास्तारा हे डोंगराच्या कुशीतलं मासेमारांचं गाव. विमानतळापासून वळणावळणाच्या रस्त्यानं तासभर लागतो. राहायच्या जागा बऱ्याचशा उतारावर. वरून दिसणारा देखावा अप्रतिम, पण तो पायऱ्यांनी मिळवलेला असतो. ‘किनाऱ्यापासून दोन मिनिटं’ असं लिहिलेल्या एका ठिकाणी मी मोजल्या होत्या: 64 पायऱ्या, मधल्या वळणावर कठडा नाही. मालकांना अंतर विचारू नका. ‘पलंगापासून वाळूपर्यंत पायऱ्या किती?’ असं विचारा आणि वाटेचा फोटो मागवा. चांगले लोक त्याच दिवशी पाठवतात. जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडे पायऱ्या आहेत असं समजा. सपाटीवरच्या खोल्या थोड्याच, म्हणून चार-सहा महिने आधी ठरवा.

संध्याकाळी वारा पडला की वाळूतल्या बारीक माश्या चावतात. डासांचं मलम आणि आईसाठी पायघोळ काहीतरी लागेल.

सकाळी मात्र आईला सावलीत खुर्ची टाकून किनाऱ्यावरच बसवा. होडी अर्धगोल फिरवत जाळं टाकून येते, मग दोन्हीकडचे दोर वाळूवरून ओढायला माणसं जमतात. म्हातारे, पोरं, शाळेत निघालेला एखादा गणवेशातला मुलगासुद्धा. ही आपली रापणच. मालवणच्या माणसाला तिथे काही समजावून सांगावं लागणार नाही. मीही हात लावला होता. दोर ओला आणि खरखरीत असतो, दोन्ही तळव्यांची सालं निघाली, आणि शेजारच्या आजोबांनी काही न बोलता मला दोराच्या शेवटाकडे, वेटोळं घालायच्या कामाला लावलं.