दीडशे घरे आणि एक सही

उद्योजक माझ्यासमोर बसतात तेव्हा त्यांच्यापैकी अनेकजण एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात : इतकी माणसे माझ्या भरवशावर जगत असताना त्यांच्यासाठी केलेली थोडीशी तडजोड चूक कशी ठरते? शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीचे, म्हणजे धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचे, मालक कोल्हापुरातील माझ्या समुपदेशन केंद्रात आले, तेव्हा तेही याच प्रश्नापाशी अडले होते. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

तक्रार झोपेची होती. महिनाभर रोज पहाटे तीनला जाग येत होती आणि छाती धडधडत होती. हृदयाच्या तपासण्यांत काही निघाले नव्हते. मूळ गोष्ट दुसऱ्या भेटीत बाहेर आली. ट्रेलरच्या चाकांना लागणारे हब, म्हणजे चाकाचे मधले भाग, ते एसजी आयर्न या चिवट ओतीव लोखंडात ओतून देत. या लोखंडात मॅग्नेशियम मिसळल्यामुळे आतले ग्राफाइट गोल गाठींच्या रूपात बसते आणि त्यातून धातूला चिवटपणा येतो. मात्र तयार रस साच्यात ओतायला उशीर झाला, तर मॅग्नेशियमचा परिणाम उतरत जातो. एका रात्रपाळीत क्रेन बंद पडली, रस लॅडलमध्येच, म्हणजे तो वाहून नेणाऱ्या भांड्यातच, थांबला आणि तरीही ओतला गेला. सकाळी मायक्रोस्कोपखाली नोड्युलॅरिटी, म्हणजे गोल गाठींचे प्रमाण, ६५ टक्के दिसली. गिऱ्हाइकाला किमान ८५ हवी होती. रिपोर्टवर ९० लिहिले गेले आणि माल रवाना झाला.

"मॅडम, दीडशे घरांच्या चुली माझ्यावर आहेत," ते म्हणाले. "माल थांबवला असता तर पगार कुठून केला असता?"

ही सबब नव्हती. सूक्ष्म व लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळावेत असा २००६ चा कायदा आहे. तरी त्यांचे मोठे गिऱ्हाईक तीन-तीन महिने बिल अडकवून ठेवी आणि पुढची ऑर्डर जाईल या धास्तीने हे उशिराच्या व्याजाचे नावही काढत नसत. अशा कोंडीत सापडलेल्या माणसाला प्रामाणिकपणाचे पाठ देणे मला निर्दयपणाचे वाटते. शिवाय ते पाठ त्यांना घरातच मिळाले होते : उद्यमनगरातल्या शेडमध्ये प्रत्येक कास्टिंगवर हातोडी मारून, खणखणीत नाद आला तरच ते पुढे सोडणाऱ्या वडिलांची आठवण त्यांनीच मला सांगितली होती.

मी एवढेच विचारले, "रिपोर्टवर सही कोणाची आहे?"

"लॅबमधल्या पोराची," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "चोवीस वर्षांचा आहे. मी त्याला खोटं लिही म्हटलं नव्हतं. नुसतं म्हटलं, बघून घे."

हे 'बघून घे' मी कारखान्यांच्या, दवाखान्यांच्या, सहकारी संस्थांच्या हकिकतींत वारंवार ऐकले आहे. वरचा माणूस गैर असे काहीच सांगत नाही, खालच्याने ते ओळखायचे असते; त्यामुळे निर्णय वरच्याचा असूनही अक्षर आणि जोखीम खालच्याची होते, आणि आपण निर्णय घेतला होता हे वरच्याला स्वतःलाही आठवत नाही. शरीर मात्र ते विसरत नाही, असा माझा अनुभव आहे. त्या दीडशे घरांत या मुलाचेही घर होते. आणि भरलेला ट्रेलर घेऊन आंबा घाट उतरणारा चालक तर त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हता.

एरवी मी निर्णयाची घाई करत नाही. इथे मात्र दुसऱ्यांच्या जिवाचा प्रश्न असल्यामुळे पुढच्या भेटीपर्यंत थांबू नये, असे मी स्पष्ट सांगितले. गिऱ्हाइकाला काय सांगायचे, हे आम्ही त्याच तासात लिहून काढले : हीट नंबर (त्या रसाच्या घाणीचा क्रमांक), पाठवलेल्या हबची संख्या, खरा आकडा. ओढाताणीचे, क्रेनचे वर्णन त्यांनी आधी लिहिले आणि मग स्वतःच खोडले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला न लावता त्यांनी स्वतः फोन केला. गाठी नीट बसलेल्या लोखंडातून ध्वनी अधिक वेगाने जातो, म्हणून अल्ट्रासॉनिक तपासणीने हब न फोडता निवडता आले. बहुतेक गोदामातच होते. काही मात्र चाकांतून काढावे लागले. गिऱ्हाइकाकडून नुकसानीची मोठी रक्कम वळती करणारी डेबिट नोट आली, चार महिने ऑर्डर बंद राहिली आणि दोन पगार हप्त्यांनी द्यावे लागले, ज्याचे कारण त्यांनी कारखान्यात कामाच्या जागी उभे राहून कामगारांना सांगितले.

त्याहून अवघड गेले ते लॅबमध्ये जाणे. "ती सही मी तुझ्याकडून करून घेतली," असे त्यांनी त्या मुलाला म्हटले. तो म्हणाला, "साहेब, मी दुसरीकडं नोकरी बघायला लागलो होतो."

तो अजून तिथेच आहे. मालकांना हल्लीही कधी कधी पहाटे जाग येते. बँकेच्या हप्त्यांच्या काळजीने येते, असे ते सांगतात, आणि मग पत्नीला उठवून तिच्याशी बोलतात.