गर्भारपणाच्या सातव्या आठवड्यात पुणे ते दिल्ली विमानप्रवास चालेल का?

गर्भारपण सुरळीत असेल तर चालेल. विमानाने गर्भपात होतो ही भीती घराघरात आहे, पण सुरुवातीचे बहुतेक गर्भपात गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात, प्रवासामुळे नाही. केबिनमधली हवा साधारण 6,000 ते 8,000 फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. निरोगी बाईला आणि गर्भाला ती सोसते. विमानतळावरच्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीतूनही बिनधास्त जा.

खरा प्रश्न वेगळा आहे. पहिली सोनोग्राफी झाली का? गर्भ पिशवीतच आहे हे त्यात कळतं. तो गर्भपिशवीबाहेर, गर्भनळीत असेल आणि नळी फुटली, तर पोटात रक्तस्राव होतो, आणि आकाशात त्यावर काहीच इलाज नसतो. म्हणून सोनोग्राफी आधी, तिकीट नंतर. अंगावर रक्त जात असेल, पोटात एका बाजूला दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा हिमोग्लोबिन फार कमी असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय निघू नका.

सीट मधल्या वाटेच्या कडेची घ्या, म्हणजे बाथरूमला उठणं सोपं जातं. पट्टा ओटीपोटाखाली, मांड्यांवरून बांधा. उपाशीपोटी मळमळ वाढते, त्यामुळे खाकरा किंवा कुरमुरे जवळ ठेवा. उलटीची गोळी डॉक्टरांनी दिलेलीच घ्या. प्रवास चार तासांहून लांबचा असेल तर पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अधूनमधून चाला, घोटे फिरवा, पाणी पीत राहा. फाइल आणि औषधं हातातल्या बॅगेतच असू द्या.