रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी कामून?

"पेशी नॉर्मल आल्या, अंगात ताकद आली, मग रोज गोळी कामून खायची?" क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरचे बहुतेक पेशंट तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हा प्रश्न विचारतात. बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड कामगारानं तो विचारलाच नाही, परस्पर गोळी सोडली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वय ३६. पावसाळ्यात निदान झालं तेव्हा पांढऱ्या पेशी पावणेदोन लाख, प्लीहा बरगडीखाली हाताला लागत होती. या आजारावरचं औषध इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम, रोज एक गोळी. तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल, बीसीआर-एबीएल (या आजाराचा जनुक) ८ टक्के. गाडी रुळावर होती. दसऱ्यानंतर टोळी कारखान्यावर गेली. गुढीपाडव्याला परतल्यावर तपासलं तर बीसीआर-एबीएल १९ टक्के, आणि सीबीसी मात्र अजून फारशी बिघडलेली नव्हती.

घोळ इथंच होतो. सीबीसी फक्त पेशी मोजते. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन जो बीसीआर-एबीएल जनुक तयार होतो, तो किती उरला हे रक्ताच्या पीसीआर या जनुक-तपासणीतच कळतं. तीन महिन्यांना १० टक्के, सहा महिन्यांना १ आणि वर्षाला ०.१ टक्क्याच्या आत, असा साधारण हिशेब. तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करावी, नाहीतर आकडे जुळवताना गोंधळ होतो.

"गोळी चुकते का?" असं विचारलं की उत्तर "नाही" हेच येतं. म्हणून "दादा, मागच्या महिन्यात कोणकोणत्या दिवशी राहिली?" असं विचारलं, आणि रिकामी पाकिटं मोजली. बाकीचं बायकोनं सांगितलं. पहाटे तीनला फडात निघताना हा नुसत्या चहावर गोळी घ्यायचा, मळमळायचं, कधी उलटी व्हायची. मग एक दिवसाआड घ्यायला लागला. कोपीत कुणी पाहिलं आणि मुकादमाला कळलं तर पुढच्या हंगामाची उचल मिळणार नाही, हीही धास्ती. माघात पाकिटं संपली ती संपलीच. आमच्या मते या तिन्हींत धास्ती सगळ्यात जड होती. मळमळीवर उपाय सोपा असतो.

असं किती बिघडतं, याचा पुरावा आहे. डेव्हिड मारिन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लंडनमधला अभ्यास प्रसिद्ध केला. औषध आधीच चांगलं लागू पडलेल्या ८७ पेशंटच्या बाटल्यांच्या झाकणांत चिप बसवून, बाटली कधी उघडली याची नोंद ठेवली. ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत सहा वर्षांत ०.१ टक्क्याची पातळी गाठण्याची शक्यता ९४.५ टक्के निघाली, त्याहून कमी घेणाऱ्यांत २८.४. म्हणजे महिन्यात तीन गोळ्या चुकल्या की माणूस काठावर.

पीसीआर वाढला की आधी चुकलेल्या गोळ्या, मग इतर औषधं पाहतात. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटचं फेनिटॉइन इमॅटिनिबचा असर कमी करतात. त्यानंतर जनुकातल्या बदलाची तपासणी. या कामगाराच्या तपासणीत तसा बदल सापडला नाही, म्हणून डॉक्टरांनी औषध न बदलता तीच गोळी पुन्हा नेमानं सुरू केली.

गोळी रात्रीच्या भाकरीनंतर, तांब्याभर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवं व्हायचं नाही. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. सकाळी डोळ्यांभोवती सूज, पोटऱ्यांत गोळे, रंग उजळणं यांनी घाबरून बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. ताप, खूप उलट्या किंवा धाप लागली तर वाट बघत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. हा आजार संसर्गाचा नाही, हे नवरा-बायको दोघांना वेगवेगळं सांगावं लागलं. हंगामाला निघताना पुरेशा गोळ्या आणि कारखान्याजवळ रक्त देता यावं म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी, हे नवरात्राआधीच मागून ठेवायचं ठरलं. मुकादमाला काय सांगायचं ते त्यानंच ठरवलं: "पित्ताची गोळी." आम्ही हरकत घेतली नाही.

तीन महिन्यांनी पीसीआर २ टक्के.

"मग जन्मभर?" बायकोनं विचारलं. काहींची बंद करता येते. फ्रान्समधल्या २०१० च्या अभ्यासात किमान दोन वर्षं आजार पीसीआरमध्ये सापडतच नव्हता, अशांची गोळी थांबवली. तरी निम्म्याहून जास्त जणांत तो परतला, बहुतेकांत सहा महिन्यांच्या आत. गोळी पुन्हा सुरू केल्यावर तो आटोक्यात आला. त्यामुळे आज साधारण तीन वर्षं औषध, त्यातली किमान दोन ०.०१ टक्क्याच्या आत, आणि बंद केल्यावर सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर शक्य असेल, तरच डॉक्टर विचार करतात. याची ती दोन वर्षं अजून सुरू व्हायची आहेत.