खेळाचं वेड आणि घर दोन्ही तितकंच जपणारं तुमच्या घरातलं माणूस कोण होतं?

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील. गेल्या वर्षी गेले. तुम्ही प्रश्नाखाली तुमच्या काकांबद्दल लिहिलंय ना, की खेळाचा एवढा नाद असून घराकडं कधी दुर्लक्ष केलं नाही, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

आम्ही कोल्हापूरचे. इथला फुटबॉल बाहेरच्याला सांगून पटत नाही. पेठांतल्या तालमींच्या टीम, खच्चून भरलेलं शाहू स्टेडियम, आणि मॅच संपल्यावर चौकात रात्रीपर्यंत तोच विषय. आप्पा पाटाकडील तालमीचे, पीटीएमचे कट्टर. आणि आईचं माहेर शिवाजी पेठेत, सगळे मामा शिवाजी तरुण मंडळाचे. ज्यांना इथलं माहितीय त्यांना कळलं असेल आमच्या घरात काय चालायचं ते. पण आप्पांनी लग्न झाल्या झाल्याच ठरवून टाकलेलं, ज्याची टीम जिंकेल त्यानं मटण आणायचं आणि जेवायला सगळे आमच्याकडं. पीटीएम हरली की तोंड एवढंसं व्हायचं, तरी मामांच्या वाटीत पांढरा रस्सा स्वतःच वाढायचे, "घ्या पावणं, आज तुमचा दिवस."

मला चौथी-पाचवीपासून स्टेडियमवर न्यायचे. तेव्हा तिथं पोरी फारशा दिसायच्या नाहीत, आजी कुरकुरायची, पोरीला कशाला त्या गर्दीत. "तिला बी कळू दे की ऑफसाईड काय असतंय," एवढंच म्हणायचे. उद्यमनगरात लेथवर काम होतं त्यांचं, शिफ्ट संपली की तसेच यायचे, कितीही साबण लावला तरी नखांच्या कडेला काळं ऑइल राहिलेलंच असायचं, आणि त्याच हातानं तापलेल्या पायरीवर मला बसायला रुमाल अंथरून द्यायचे. सोबत कागदाच्या पुडीत भडंग. शिव्या सुरू झाल्या की मॅच कितीही रंगात येऊ दे, मला उचलून दुसऱ्या बाजूला जाऊन बसायचे.

कुस्तीचं पण तसंच. खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ ला बांधलं, मध्ये आखाडा आणि चारी बाजूनं उतरती बैठक, त्यामुळं कुणाचं डोकं आड येत नाही. हे पटवायला आम्हा सगळ्या भावंडांना मुद्दाम सगळ्यात मागं नेऊन बसवलेलं. आणि खाशाबा जाधवांचं नाव निघालं की सगळे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकचं, कुस्तीतल्या ब्राँझ मेडलचं बोलतात, आप्पा मात्र राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांवर जास्त बोलायचे. खाशाबांना पाठवायला त्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले होते. "दुसऱ्याच्या पोरासाठी, बघ," असं दरवेळी म्हणायचे. स्वतःही त्यातलेच होते. भिशी लागली की आधी चुलत भावांचे बूट यायचे, स्कूटरचं काम नंतर बघू.

शेवटी शेवटी डायलिसिस सुरू होतं. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेची पॅरिस ऑलिम्पिकची रायफल नेमबाजीची फायनल होती, आमच्याच जिल्ह्यातला राधानगरी तालुक्यातला पोरगा. दुपारी सगळ्यांना टीव्हीपुढं बसवलं, आईला पण किचनमधनं ओढून आणलं. गुडघ्यावर बसून, मग झोपून, मग उभं राहून असा नेम मारायचा असतो, हे आम्हाला समजावत होते, आणि उभ्याच्या राउंडला तो वर सरकायला लागला तसं बोलायचेच थांबले. ब्राँझ मिळालं. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाला ऑलिम्पिकचं वैयक्तिक मेडल. लगेच मामांना फोन, जेवायला या म्हणून. आई म्हणाली अहो गुरुवार आहे आज, मग रविवार ठरला, श्रावण लागायच्या आदल्या दिवशीचा. आता मटण कुणी आणायचं, तर म्हणाले सगळ्यांनी वर्गणी काढा, या वेळी दोन्ही टीम जिंकल्यात. त्यांना स्वतःला पथ्य होतं, तरी पातेल्याशेजारी खुर्ची टाकून बसले आणि एकेकाला विचारत होते, मीठ बरोबर आहे का, अजून घे की.

नियम अजून चालू आहे, या सीझनला पीटीएमनं मॅच मारली तेव्हा मटण मी आणलं. तुमच्या काकांना नाद कशाचा होता ते नाही लिहिलं तुम्ही. फुटबॉल, कबड्डी, क्रिकेट, जे असेल ते कमेंटमध्ये सविस्तर लिहा ना, खरंच वाचायचंय.