तुटलेली वादी आणि दडवलेली वादी

हार्नेस रेसिंग म्हणजे दोनचाकी सल्की ओढणाऱ्या घोड्यांच्या शर्यती. मागच्या वेळी या सदरात त्याबद्दल लिहिलं आणि वाचकांचे प्रश्न आले ते जवळपास सगळे दंडाचे. त्यातले चार घेतो.

मेडोलँड्सच्या ट्रॅकवर मी पैसे लावलेला घोडा वळणावर चाल सोडून चौखूर उधळला. नंतर कळलं की हॉपल तुटला होता. मग ड्रायव्हरला दंड का नाही? आणि माझे पैसे? (एडिसन, न्यू जर्सी)

तुमचा घोडा पेसर असणार. पेसर एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो आणि ती लय मोडू नये म्हणून बहुतेकांच्या पायांत हॉपलच्या वाद्या असतात. वादी तुटणं हा काही गुन्हा नाही. सामान तुटलं की ड्रायव्हरने पॅडॉक जजला (शर्यतीआधी घोडे जिथे तयार करतात तिथला पंच) कळवायचं आणि जजने ते स्वतः बघून खात्री करायची, असा अमेरिकन ट्रॉटिंग असोसिएशनचा नियम आहे. खात्री का, ते वादी हातात घेतली की कळतं. झिजून तुटलेल्या टोकाला धागे सुटलेले असतात, सुरी लागलेलं टोक सरळ असतं. ‘वादी तुटली’ ही हरलेल्या ड्रायव्हरची फार जुनी सबब आहे.

पैसे मात्र गेले. ‘गो’ म्हणण्याआधी शर्यत सोडणाऱ्या स्टार्टरच्या नजरेला तुटकं सामान पडलं असतं, तर त्याला सगळ्यांना मागे बोलावता आलं असतं. त्यानंतर जे होईल ते तुमचं नशीब.

घोडा हॉपलशिवायही नीट पळत असेल, तर ते काढले म्हणून शिक्षा कशाला? (पुणे)

काढायला बंदी नाही, न विचारता काढायला आहे. नेहमी हॉपल घालणारा घोडा जजांच्या परवानगीशिवाय हॉपलविना उतरवता येत नाही, आणि मोकळ्या पायाने पळणाऱ्याला परस्पर हॉपल घालता येत नाहीत. घोडा आज कसा पळेल हे त्या वाद्यांवर ठरतं. ट्रेनरला ठाऊक आणि तिकीट घेणाऱ्याला नाही, असं झालं की शर्यत राहतच नाही. वादी एखाद्या भोकाने सैल केली तरी फरक पडतो, आणि स्टँडमधून ते कुणालाही दिसत नाही.

म्हणून विसरभोळेपणावर दंडाने भागतं. पण फसवणुकीसाठी शर्यतीत किंवा दोन शर्यतींच्या मध्ये हॉपल काढले किंवा बदलले, तर नियमात दोनच शब्द आहेत: निलंबन किंवा हकालपट्टी. मला हा फरक रास्त वाटतो. शिक्षा चामड्याची नसते, लपवाछपवीची असते.

बक्कल लावतो तबेल्यातला पोऱ्या आणि पावती फाटते ट्रेनरच्या नावाने. हा न्याय झाला? (टोरांटो)

झाला. घोड्याची जबाबदारी लायसन्सवाल्या ट्रेनरची, पोऱ्या त्याने नेमलेला. तुमच्या कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात 2016 पासून शर्यतींचं नियमन अल्कोहोल अँड गेमिंग कमिशनकडे आहे आणि निकाल पटला नाही तर अपील पॅनेलकडे दाद मागता येते. ‘पोराने केलं’ एवढ्यावर तिथे जाऊ नका. अमेरिकेत घोळ निराळाच. लायसन्स आणि दंड राज्याच्या कमिशनकडे, त्यामुळे नदी ओलांडून शेजारच्या राज्यात गेलं की त्याच चुकीचा भाव बदलतो. घोडदौडीचा 2020 चा केंद्रीय कायदाही थरोब्रेडसाठी, म्हणजे पाठीवर जॉकी बसवून पळवतात त्या घोड्यांसाठी, सल्कीवाले त्याबाहेरच.

जाता जाता, कुणीतरी हेड पोलबद्दल विचारलंय. घोड्याने मान वळवू नये म्हणून डोक्याच्या बाजूने बांधतात तो दांडा. नाकापुढे 10 इंचांहून जास्त आलेला चालत नाही. शेजारच्या घोड्याच्या डोळ्याचा विचार करा, कारण सांगावं लागणार नाही.

आमच्याकडे बैलगाडा शर्यतीत चाबूक दिसला तर थेट गुन्हा. तिकडे चाबूक हातात घेऊन बसतात! (जुन्नर)

बसतात खरं, पण ओंटारिओत दोन्ही हातांत लगाम धरून ठेवावा लागतो. एका हातात लगाम गोळा करून दुसऱ्याने सपासप ओढणं आता चालत नाही. मोडलं तर दंड, नाहीतर काही दिवस घरी.

आपल्याकडे 2017 च्या नियमांत काठी, चाबूक, विजेचा शॉक सगळंच बंद आहे आणि कायद्यात 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद आहे. 18 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा कायम ठेवला. कागदावर आपण जास्त कडक आहोत. पण तिकडे प्रत्येक घोड्याचं सामान आधी पॅडॉकमध्ये हात लावून तपासलं जातं. तुमच्या घाटात गाडा सुटण्याआधी गाडीवानाच्या हातात काय आहे, हे बघायला कोण उभं असतं, तेवढं कळवा.