बौद्धिक अक्षमता असलेला भाऊ आई-बाबांनंतर गावी राहू शकेल का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ 26 वर्षांचा आहे, थोडंफार बोलतो, वाचता येत नाही, आई-बाबा सत्तरीला आलेत, घर देवगड तालुक्यात आणि तुम्ही डोंबिवलीत. त्यांच्यानंतर त्याला गावीच ठेवायचं की इकडे आणायचं, हा तुमचा प्रश्न. त्यात आईचं मत आहे, काकांचं आहे, तुमचंही आहे. भावाचं मात्र कुठेच नाही.

हा टोमणा नाही. मी सिंधुदुर्गात विशेष शिक्षिका आहे, आणि घरोघरी हेच बघते. दुकानात पोरगा स्वतः उभा असतो, तरी दुकानदार आईला विचारतो, ‘ह्येका काय व्हया?’ आई सांगते, पैसे देते, पुडा त्याच्या हातात येतो. कोणाच्या मनात काही वाईट नसतं. पण वीस वर्षं असं चाललं की तो उत्तर द्यायचंच सोडून देतो, आणि मग सगळे म्हणतात, त्याला काही कळत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, विचारून झाल्यावर गप्प बसायचं. मनात दहापर्यंत आकडे मोजा. आपल्याला ते फार लांब वाटतं, त्याला तेवढा वेळ लागतोच. मधेच प्रश्न बदलून विचारलात की त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. ‘आंघोळ करून कपडे बदलून आलास की मग जाऊ’ यात चार गोष्टी आहेत.

दुसरं, ‘हो’वर लगेच विश्वास ठेवू नका. आपल्याला खूश करायला अशी मुलं हो म्हणतात, किंवा शेवटचा शब्द उचलतात. ‘हय रवतलंस की मुंबयक येतलंस?’ असं विचारलंत तर उत्तर बहुधा ‘मुंबयक’ येईल. आठवड्याने तोच प्रश्न उलटा करून विचारा. उत्तर बदललं तर ते मत नव्हतं, नुसता प्रतिध्वनी होता. खरं मत काढायला फोटो लागतात. स्कॉटलंडमध्ये ‘टॉकिंग मॅट्स’ नावाची पद्धत निघाली आहे. एका बाजूला आवडतं, मधे ठीक, दुसऱ्या बाजूला नको, आणि माणूस चित्रं उचलून हवी तिथे ठेवतो. घरी चटई आणि तीन चेहऱ्यांची चित्रं पुरतात. गावचं घर, तुमचा फ्लॅट, बोकड्या, लोकलची गर्दी, शेजारच्या काकी, मासे, असे एकेक फोटो हातात द्या. लोकलचा फोटो तो कुठे ठेवतो ते आपोआप दिसेल.

बाजारातली छापील कार्डं घेऊ नका. त्यात सफरचंद, पिझ्झा आणि पिवळी स्कूलबस असते. तुमच्या भावाला लागतात पेज, घावणे, बांगडा, लाल एसटी, तुमचीच विहीर आणि तुमच्याच डॉक्टरांचा चेहरा. मोबाईलवर काढा, प्रिंट करा आणि लॅमिनेट करा, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात जुलैपर्यंत त्यांचा लगदा होतो. मोबाईलवर चित्रं दाबून बोलायची ॲप्स आहेत, चेन्नईत बनलेलं ‘आवाज’ हे त्यातलं एक. पण वादळात दोन दिवस लाईट गेली तर कागदाचं कार्डच चालतं, तेव्हा दोन्ही ठेवा. भिंतीवरच्या कालनिर्णयावरही चित्रं चिकटवा. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरतं तेव्हा त्याचा सगळा दिनक्रम मोडतो आणि ‘हा असा का वागतोय’ म्हणून पाहुणे वैतागतात. कोण कधी येणार आणि कधी जाणार हे आधी फोटोने दिसलं की निम्मा गोंधळ टळतो.

आता पैसे. बहुतेक घरांत हा विषय निघतच नाही. खोट्या नोटांनी शिकवू नका, खऱ्या घ्या, आणि आकडा नाही तर रंग शिकवा. 100 जांभळट, 50 निळी, 500 राखाडी, 10 तपकिरी. घोटाळा होतो तो 20 आणि 200 मध्ये. एक हिरवट पिवळी, दुसरी नुसती पिवळी, आणि मासळीबाजारात संध्याकाळच्या उजेडात दोन्ही सारख्याच. त्यावर उपाय लांबीचा. 200 ची नोट 20 च्या नोटेपेक्षा दीड सेंटिमीटरहून जास्त लांब असते. एकीवर दुसरी ठेवून जास्तीचं टोक बोटाने चाचपायला शिकवा. आमच्याकडचा एक मुलगा मासेवालीसमोर उभा राहून हे इतक्या शांतपणे करतो की मागची गिऱ्हाईकं कुरकुरतात. ती त्यांना सांगते, ‘थांबा, तेका मोजू दे.’ अशी एक मासेवाली, एक दुकानदार आणि एक कंडक्टर तयार करणं हे तुमचं काम. त्याला शिकवण्याइतकंच त्यांना शिकवावं लागतं, आणि खरं सांगायचं तर ते जास्त जड जातं.

तुम्ही लांब असल्याने यूपीआय सर्कलचा उपयोग होईल. 2024 मध्ये ही सोय आली. खातं तुमचं, फोन त्याचा. पूर्ण मुभा दिलीत तर एका वेळी 5,000 आणि महिन्याला 15,000 रुपयांपर्यंत तो खर्च करू शकतो. नाहीतर दर व्यवहाराला तुमची मंजुरी लागते. आधी मंजुरीवाला पर्याय घ्या.

कागदपत्रांत लोक घाई करतात ती पालकत्वाची. 18 नंतर आई-बाबा कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, भाऊ-बहीण तर मुळीच नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमू शकते. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘मर्यादित पालकत्व’ आहे. ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, त्याच्या इच्छेप्रमाणे आणि त्याच्यासोबत मिळून. बँकेचं काम अडलं तर तेवढ्यापुरतं घ्या. त्याच्या कपड्यांपासून मतदानापर्यंत सगळं तुमच्या सहीने होऊ देऊ नका. मतदान तर त्याचा हक्क आहे. न्यायालयाने त्याला मनोविकल ठरवलेलं नसेल तर नाव नोंदवून घ्या.

आणि सातबारा बघा. आपल्याकडे एका कलमाच्या बागेवर डझनभर नावं असतात आणि वाटणीच्या वेळी कोणीतरी म्हणतंच, ‘ह्येचा नाव कित्याक, तो काय करतलो?’ हिंदू वारसा कायद्याचं कलम 28 स्पष्ट आहे, व्यंगामुळे कोणाचाही वारसाहक्क जात नाही. त्याला समजल्याशिवाय हक्कसोडपत्रावर त्याचा अंगठा घेऊ देऊ नका. घरातलाच माणूस मागत असला तरी. किंबहुना मागणारा घरातलाच असतो.

माझं मत विचाराल तर, त्याने स्वतः डोंबिवली निवडली नसेल तर गावच बरं. शहरातल्या फ्लॅटमध्ये तुम्ही कामावर गेलात की दाराला कुलूप. गावी त्याला पाणंद माहीत आहे, माणसं माहीत आहेत, आंब्याच्या दिवसांत पेट्या भरायला, आकाराप्रमाणे फळं लावायला हात लागतात आणि त्याची मजुरी मिळते. ती त्याच्याच हातात द्यायला सांगा. पण भाबडेपणा नको. निम्म्या वाडीला आज कुलपं आहेत, डॉक्टर लांब आणि पावसात पऱ्या, म्हणजे ओढा, भरला की रस्ता बंद. ‘गाव सांभाळून घेईल’ हे पुरेसं नाही. कोण, कधी, कुठलं काम बघणार हे नावानिशी ठरवा आणि त्या माणसाला त्याचे पैसे द्या. सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारणारी काकी फुकटात दहा वर्षं येत नाही, आणि यावी अशी अपेक्षाही करू नये.

हे सगळं आई-बाबा धडधाकट असतानाच करून बघायचं. पावसाळ्यात नको, फेब्रुवारीत करा. आधी चहा आणि भात, गॅस बंद करण्यासह, पुन्हा पुन्हा त्याच चुलीवर, त्याच भांड्यात. शेगडीवर लाल टेप लावा, बंदची खूण म्हणून. मग आई-बाबांना एका रात्रीसाठी मावशीकडे पाठवा. काकीचा फोन त्याच्या फोनमध्ये फोटोसकट पहिल्या बटणावर ठेवा, तातडीच्या मदतीचा 112 दुसऱ्यावर. एक रात्र जमली की दोन, मग आठवडा. पहिल्या रात्री तो बहुतेक झोपेल. आई झोपणार नाही आणि पहाटेच परत यायला निघेल. तिला दुपारच्या एसटीपर्यंत थांबवायला मावशीला आधीच सांगून ठेवा.