बेटीला पहाटे सापडलेली चूक

प्रिय मुली,

चार दिवस झाले, प्रोग्राम थांबायला हवा तिथे थांबत नाही आणि चूक काही सापडत नाही, असं तू लिहिलंस. ‘मला हे जमणारच नाही’ हे तुझं वाक्य मनाला लागलं. म्हणून आज जगातल्या सुरुवातीच्या प्रोग्रामरांपैकी एक, बेटी होल्बर्टन, हिच्याबद्दल लिहिते.

लग्नाआधी ती बेटी स्नायडर होती. जन्म १९१७चा, गाव अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. विद्यापीठात गणिताच्या पहिल्याच तासाला प्राध्यापकांनी तिला विचारलं, घरी राहून मुलं का वाढवत नाहीस? ती पत्रकारिता शिकली. पुढे युद्धात तोफगोळ्यांचे मार्ग काढायला सैन्याला गणिती बायका हव्या होत्या, आणि सुटलेलं गणित तिला परत मिळालं. एकेका मार्गाची आकडेमोड हाताने करायला तीस-चाळीस तास लागत. ते काम सेकंदांत उरकणारा एनिअ‍ॅक नावाचा संगणक तयार होत होता. त्यासाठी १९४५मध्ये सहा जणी निवडल्या गेल्या, त्यांतली एक बेटी.

जवळपास अठरा हजार निर्वात नळ्यांचं ते धूड. प्रोग्रामिंगची भाषा नाही, माहितीपुस्तक नाही. सुरुवातीला तर यंत्राच्या खोलीतही प्रवेश नव्हता, हातात फक्त आराखडे. त्यांवरून या मुली यंत्र इतकं शिकल्या, की बिघाड कुठल्या नळीत आहे इथपर्यंत पोचायच्या. मग केबली जोडायच्या, स्विच फिरवायचे; हाच त्यांचा प्रोग्राम.

१५ फेब्रुवारी १९४६ला जाहीर प्रात्यक्षिक होतं. आदल्या संध्याकाळी सगळं बरोबर चाललं होतं, पण गोळा जमिनीवर पडल्यावरही आकडेमोड थांबेना. कागदावर गोळा जमिनीच्या आत आत चाललेला! बेटी घरी जाऊन झोपली. सकाळी आली ती थेट एका स्विचपाशी, आणि तो एक घर फिरवला. हजारो स्विचांतला तो एक. प्रात्यक्षिकात गोळ्याच्या उड्डाणापेक्षाही कमी वेळात उत्तर निघालं.

त्या रात्रीच्या मेजवानीला या सहा जणींना बोलावलं नव्हतं. पुढे कित्येक वर्षं फोटोंतल्या या बायका नुसत्या शोभेला उभ्या केल्यात, असा समज होता. मला याचा आजही राग येतो. बेटी मात्र काम करत राहिली. युनिव्हॅक या पुढच्या संगणकासाठी तिने डेटा क्रमाने लावणारे प्रोग्राम स्वतः तयार करून देणारा प्रोग्राम लिहिला. कीबोर्डशेजारी आकड्यांच्या कळा वेगळ्या बसवण्यातही तिचा हात होता. तुझ्या उजव्या हाताशी असतात, त्याच. संगणक क्षेत्रातल्या कामाबद्दलचा अ‍ॅडा लव्हलेस पुरस्कार मिळाला तो १९९७मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी.

झोपेत उत्तर मिळालं हा चमत्कार नव्हे गं. अख्खं यंत्र तिच्या डोक्यात बसलं होतं, म्हणून झोपेतही ते चालू राहिलं. तू मात्र चार दिवस ओळी बदलून बघतेयस. मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी हेच करायचे. आता कोड कागदावर काढ, पेन्सिल घे, आणि फक्त तीन नोंदींवर तो हाताने चालव. प्रत्येक फेरीला मोजणीचा आकडा समासात लिही. शेवटच्या फेरीपाशी सावकाश जा. थांबण्याची अट एका घराने चुकलेली असण्याची मला दाट शंका आहे. मग संगणक बंद करून वेळेवर झोप.

शनिवारी तो कागद घेऊन घरी ये. खाडाखोड असली तरी तोच आण, नवा लिहू नकोस.

तुझी,
ताई